उत्तरेचा उंबरठा

गर्नात्यात गवंडी ढिगाने सापडतील, पण पाणसळ लावावी ती मुफर्रिजनेच, असं आमच्या बय्याझीन मोहल्ल्यात म्हणायचे, आणि मुफर्रिज ते ऐकून न ऐकल्यासारखं करायचा. ऐकायचा मात्र अक्षर न् अक्षर. अक्रोडाच्या लाकडाची दहा हात लांब पन्हळ त्याच्याकडे होती. ती जागेवर टेकवायची, पाण्याने काठोकाठ भरायची, पाणी थिरावेपर्यंत श्वाससुद्धा बेताने घ्यायचा, आणि मग त्या पाण्याला डोळा लावून भिंतीवर गेरूची रेघ ओढायची. एकदा रेघ ओढली की पाथरवट, फरशीवाले, गिलावा करणारे, सगळे तिच्या मागे चालणार. मुफर्रिजचा बाप हेच करायचा, आजाही हेच. घरात एखाद दिवस चूल पेटली नाही तरी चालेल, पण पन्हळीला ऊन लागून तडा जाता कामा नये, अशा घरात तो वाढला होता. त्यामुळे माणूस जरा ताठ होता. जरा कशाला, चांगलाच ताठ होता.

त्याचा मेहुणा यईश अगदी दुसऱ्या टोकाचा. मुफर्रिजची बायको नुझा, तिचा हा धाकटा भाऊ. पाथरवट होता, आणि संगमरवर असा घडवायचा की कडेवरून बोट फिरवलं तर रेशमाची घडी वाटावी. तोंड सतत चालू. "दाजी, तुम्ही जेवायला बसलात तरी आधी ताट पातळीत आहे का ते बघता. मग शेरव्याला हात घालता," असं भर पंगतीत म्हणायचा. नुझा पदराआड हसायची. मुफर्रिजही हसायचा, कारण यईशवर रागावणं कुणालाच जमायचं नाही.

त्या साली सुलतानाने लाल टेकडीवरच्या महालातला एक जुना चौक नव्याने करायला काढला. लांबट चौक. उत्तरेच्या अंगाला दरबाराचं दालन आणि त्यामागे चौकोनी बुरूज, दक्षिणेला जनाना. दोन्हीकडे सात सात कमानींची ओसरी, मधली कमान इतरांहून उंच, आणि खांब इतके सडपातळ की वरची एवढी जाळीदार नक्षी यांनी पेलली कशी म्हणून नवखा माणूस खांबाला हात लावून बघायचा. मधलं अंगण उकरून तिथे सत्तर हातांचा हौद करायचा होता. सुलतानाची अट एकच होती. हौदाचा काठ दिसता कामा नये. पाणी फरशीच्या बरोबरीला आलं पाहिजे. वर खांबाचा पाय संपला की तिथूनच पाण्यातल्या खांबाचा पाय सुरू झाला पाहिजे, मध्ये सुतभर जागा नको. म्हणून पाणी हौदात एकदम सोडायचं नव्हतं. दोन्ही टोकांना संगमरवराच्या गोल परातीत ते आधी फिरवायचं, दमवायचं, त्याचा खळखळाट काढून टाकायचा, आणि मग हळूच आत सोडायचं, म्हणजे बुरूज पाण्यात उलटा उभा राहील आणि हलणार नाही.

आता यात खरी गोम काठाची. एवढ्या लांबीत काठ बोटभर जरी वर-खाली झाला तर सगळा खेळ खलास. खालच्या बाजूने पाणी सांडत राहणार, आणि वरच्या बाजूला कोरड्या दगडाची पट्टी उघडी पडून खांब आणि खांबाची सावली यांची ताटातूट होणार. काठाची रेघ द्यायची मुफर्रिजने. तिच्यावर चार बोटं जाडीचे दगड घडवून बसवायचे यईशने. दाजी-मेहुण्यांना एकच काम मिळालं म्हणून नुझाने त्या दिवशी पनीरचे वडे तळले होते आणि शेजारीपाजारी वाटले होते.

रेघ ओढायचा दिवस रमजानात आला, तोही ऐन उन्हाळ्यात. दहा हातांची पन्हळ सत्तर हातांत सात वेळा मांडायची. दर वेळी भरायची, थांबायची, खूण करायची, रिकामी करायची, पुढे न्यायची. पहाटेपासून पोटात अन्नपाणी नाही आणि दिवसभर डोळ्यांसमोर काय, तर पाणी! मुफर्रिजने दक्षिणेकडून दोन वेळा पन्हळ मांडली. तिसऱ्यांदा भरताना घोटभर पाणी मनगटावर सांडलं आणि त्याला घेरीच आली. तो सावलीत टेकला. समोर दक्षिणेच्या दालनाचा उंबरठा होता, आणि पार पलीकडे उत्तरेच्या दालनाचा. दोन्ही उंबरठे चाळीस वर्षांपूर्वी त्याच्या बापानेच बसवलेले, एकाच पातळीत. घरात ही गोष्ट त्याने शंभरदा ऐकली होती.

मग सात वेळा कशाला मरायचं? दक्षिणेच्या उंबरठ्यावर पन्हळ टेकवायची, तिथून हातभर खाली रेघ. उत्तरेच्या उंबरठ्यावर टेकवायची, तिथूनही हातभर खाली रेघ. मध्ये दोरी ताणली की झालं. बापाच्या कामावर शंका घ्यायची म्हणजे काय! त्याने तसंच केलं. उलट बापाचा मान राखला असंच त्याला वाटलं, आणि उन्हं कलायच्या आत तो घरी जाऊन भिंतीला पाठ लावून बसला.

पुढे यईशने दगड घडवले. उत्तरेकडचे घडवायला घेतले तेव्हा त्याला ताप आला होता. चार दिवस अंगात ताप घेऊन तो छिन्नी चालवत होता. नुझाने काढा पाठवला तर म्हणाला, "ताईला सांगा, दगड गार असतो. त्याच्यावर कपाळ टेकलं की उतरतो ताप."

ईद झाल्यावर हौद भरला. दोन दिवस पाणी चढत होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी सगळे कारागीर ओसरीत उभे, आणि कामाचा मुकादम हुजैल नवे जोडे घालून उत्तरेच्या काठाशी. हा हुजैल कधी कुणाला चांगलं म्हणायचा नाही. कुणी चांगलं काम केलं की 'बरं' म्हणायचा, तेवढ्यावर लोक वर्ष काढायचे. पाणी वर आलं, काठाला लागलं, आणि उत्तरेकडून सरळ बाहेर पडून हुजैलच्या जोड्यांत शिरलं. दक्षिणेला अजून बोटभर पांढरी पट्टी कोरडी होती. कमानी होत्या, पाण्यातल्या कमानीही होत्या, आणि दोघींच्या मध्ये ती पट्टी, कुणीतरी कात्रीने कापून वेगळं केल्यासारखी. हुजैलने जोडे काढून झटकले.

"तिसऱ्या प्रहरी, अस्रच्या नमाजानंतर, दोघांनी यायचं," तो म्हणाला. "रेघ देणाऱ्याने आणि दगड देणाऱ्याने."

दुपारी सगळे जेवायला पांगले तेव्हा मुफर्रिज उत्तरेच्या उंबरठ्यापाशी गेला. लांब पन्हळ लागलीच नाही. जवळची दोन हात लांब मापपट्टी उंबरठ्यावर आडवी धरली तरी कळलं. चौकटीजवळ दगड होता तसा होता, आणि मधोमध, जिथे त्याने पन्हळ टेकवली होती तिथे, पट्टीच्या खालून त्याचं बोट सहज आत गेलं. चाळीस वर्षं दरबाराला आलेले फिर्यादी, वकील, शिपाई, सगळ्यांचे जोडे मधूनच गेले होते. दक्षिणेला जनान्यातल्या बायकांच्या मऊ सपाता. तो उंबरठा कोराच्या कोरा. बापाचं काम बरोबरच होतं. झिजलेल्या दगडाच्या पोटात पाणसळ ठेवणारा गाढव तो स्वतः होता. शिकाऊ गवंड्यालासुद्धा पहिल्या महिन्यात हे सांगतात की दगडाच्या झिजल्या जागी माप घ्यायचं नाही.

तो तिथेच उंबरठ्यावर बसला. मनाशी ठरवलं की अस्रनंतर सांगून टाकायचं. चुकलो म्हणायचं. आणि खरंच, मनाशी ठरवलं तेव्हा त्याला जरा हलकंही वाटलं.

पण अस्रनंतर झालं ते असं. हुजैलने विचारलं, "रेघ उस्तादांची, दगड याचा. दोघांतला एक चुकला. कोण?"

मुफर्रिजने तोंड उघडायच्या आत यईशच बोलला. "मुकादमसाहेब, दाजींची रेघ चुकायची नाही. त्यांच्या पाण्याला मी जामीन. दगड मी मोजून घडवले, पण खरं सांगू? उत्तरेचे दगड घडवताना मला ताप होता. माप हातात धरलेलं आठवतं, पुढचं सगळं धुक्यात आहे. झालीही असेल चूक. माझ्याकडूनच झाली असेल."

"काय उस्ताद?" हुजैलने मुफर्रिजकडे वळून विचारलं.

सगळे त्याच्याकडे बघत होते. फरशीवाले, गिलावेवाले, सुतार. आजवर ज्यांनी त्याची रेघ डोळे मिटून मानली ते सगळे.

"ताप तर होता त्याला," मुफर्रिज म्हणाला.

चार शब्द. त्यातला खोटा एकही नाही. आणि या चार शब्दांनी त्या पोरासारख्या माणसाचा गळा कापला. मला विचाराल तर मी म्हणेन, धडधडीत खोटं बोलला असता तर बरं झालं असतं. निदान खोटं बोललो असं मनाला तरी कबूल करता आलं असतं.

आमच्याकडे पाथरवटाची स्वतःची खूण असते. दगडाच्या आतल्या अंगाला, जिथे कुणी बघत नाही तिथे तो ती कोरतो. कबुली आल्यावर चुन्यात बसलेला दगड उचकटून मोजायची कुणाला गरज वाटली नाही. यईशची खूण सगळ्यांसमोर बाद केली. सुलतानाच्या कामाला हात लावायचा नाही, गर्नात्याच्या पंचक्रोशीत छिन्नी धरायची नाही, असं कारागिरांच्या मंडळींनी ठरवलं. यईशने छिन्न्या पिशवीतून काढून जमिनीवर ठेवल्या आणि मुफर्रिजचे हात हातात घेतले. "दाजी, माझ्यामुळे तुमच्या कामाला बट्टा लागला. माफ करा," म्हणाला.

महिन्याभराने बायकामुलं घेऊन तो मालका नावाच्या बंदरावर निघून गेला. तिथे तो गलबतांवर सुक्या अंजिरांच्या टोपल्या चढवायचं काम करू लागला. मालक्याला कुणी त्याच्यावर बंदी घातली नव्हती. तिथे पाथरवट म्हणून सहज पोट भरलं असतं. पण त्याने छिन्नी धरली नाही. धरवेना.

हौद दुरुस्त कुणी केला? मुफर्रिजनेच. उत्तरेच्या काठावर बोटभर जाडीची संगमरवरी पट्टी चुन्यात बसवली, सांधा घासून घासून असा मिळवला की हुजैलने गुडघे टेकून बघितलं आणि 'बरं' म्हणाला. पाणी काठोकाठ उभं राहिलं. सुलतान आला, काठाने चालून आला, आणि मग आपल्या अंगावरची शाल मुफर्रिजच्या खांद्यावर घातली. मुफर्रिजला वाटलं, शाल अंगावर पडतेय ती ओली आहे. ती ओली नव्हती. त्यालाच घाम फुटला होता.

आणि त्यानंतरच्या हिवाळ्यात त्याने आणखी एक गोष्ट केली. ही सांगताना माझीच मान खाली जाते. परदेशी राजांचे वकील येणार, झिजका उंबरठा बरा दिसत नाही, असं हुजैलच्या कानावर घालून त्याने उत्तरेचा उंबरठा काढवला आणि नवा बसवला. जुना दगड चुनाभट्टीत गेला. संगमरवराचा चुना चांगला होतो. बापाने बसवलेला दगड, यईश निर्दोष असल्याची डोळ्यांना दिसेल अशी एकुलती एक साक्ष, आणि त्याने ती आपल्या हाताने भट्टीत लोटली. भट्टीपाशी उभा राहून, दगड तांबडा होईपर्यंत बघत होता.

घरी नुझा. ती तर भावाचं नावच टाकून बसली. हमामखान्यात बायका मुद्दाम विचारायच्या, "काय गं नुझा, तुझा भाऊ हल्ली कुठे असतो? गर्नात्याचं पाणी मानवलं नाही म्हणे त्याला!" ती डोक्यावर पाणी ओतून घ्यायची, म्हणजे डोळ्यांतलं दिसायला नको. एकदा ती मुफर्रिजच्या समोर येऊन बसली. "अहो, माझ्या माहेरामुळे तुम्हाला चारचौघांत खाली बघावं लागलं. इतके दिवस मनात होतं, बोलले नाही. मला माफ करा." आणि मुफर्रिज काय म्हणाला? "जाऊ दे. झालं ते झालं." म्हणजे माफ केलं त्याने! कुणी, कुणाला! त्या दिवसापासून त्याला घरात बायकोच्या डोळ्याला डोळा भिडवता आला नाही. तिला वाटलं, अजून राग गेला नाही.

दोनदा तो मालक्याला जायला निघाला. पहिल्यांदा वेशीपासून परतला. दुसऱ्यांदा लोशा गावापर्यंत गेला, पोरांसाठी मनुका आणि रेवड्या घेतल्या, रात्रभर सराईत काढली आणि सकाळी खेचराचं तोंड पुन्हा गर्नात्याकडे वळवलं. घरी येऊन सांगितलं, खेचर लंगडलं. खेचर चांगलं ठणठणीत होतं. मनुका त्याने वाटेतल्या भिकाऱ्यांना देऊन टाकल्या.

एकोणीस वर्षं गेली. माणसाची कीर्ती वाढत गेली, आणि शेवटी त्याला कारागिरांच्या मंडळींचा अमीन केलं. कामातला वाद असला की अमीनचा शब्द अखेरचा. कोण चुकलं, कोण बरोबर, हे मुफर्रिजने ठरवायचं! दर वेळी दोन माणसं समोर उभी राहायची. तो दोघांनाही सौम्य बोलायचा आणि जमेल तेवढं सोडून द्यायचा. लोक म्हणायचे, काय दयाळू अमीन आहे.

मग मुलीचं, शम्साचं, लग्न निघालं. तिने हट्टच धरला. "मामा आला नाही तर मी मेंदी लावणार नाही." नुझा म्हणाली, "तुझ्या बापाच्या जखमेवर मीठ चोळायचंय का तुला?" मुफर्रिजच्या तोंडून कसंबसं निघालं, "येऊ दे त्याला." नुझाला वाटलं, नवऱ्याचं मन केवढं मोठं.

यईश आला. केस पिकलेले, पाठीला ओझ्याचा बाक, पण तोंड तेच, बडबडं. लग्नाच्या जेवणात मोठं खरबूज आलं. कुणीतरी सुरी त्याच्या हातात दिली, म्हणालं, "मामाने कापावं." यईशने सुरी हातात घेतलीच नाही, दोन्ही हात वर केले. "नको रे बाबा! माझ्या हातचं एका बाजूला बोटभर कमी येतं. सगळ्या गर्नात्याला माहीत आहे." पंगत खदखदून हसली. यईशही हसला. हा विनोद त्याचा रोजचा होता हे ऐकताच कळत होतं. इतकी वर्षं तो हाच करत आला होता, दुसऱ्या कुणी करायच्या आत. नुझा उठून आत गेली. मुफर्रिजने हातातला घास ताटात परत ठेवला. एवढी शरम त्याला हौदापाशी वाटली नव्हती, भट्टीपाशी वाटली नव्हती. त्याने माणसाचं नुसतं काम घालवलं नव्हतं. त्या माणसाला स्वतःच्या हातांची चेष्टा करायला शिकवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी यईश सराईच्या अंगणात खेचरावर खोगीर कसत होता. मुफर्रिज तिथे गेला.

"यईश, तुझे दगड बरोबर होते."

"कुठले दगड?"

"हौदाचे. उत्तरेचे. चार बोटं म्हणजे चार बोटंच होते. माझी रेघ चुकली. मी सात वेळा पन्हळ मांडलीच नव्हती. उंबरठ्यावरून माप घेतलं, आणि उंबरठा झिजलेला होता."

यईश हसला. "दाजी, कालचं मनावर घेतलंत होय? अहो, चेष्टा ती. तुम्ही कशाला स्वतःला लावून घेताय? मला माझे हात ठाऊक आहेत."

"नाहीत ठाऊक तुला! अल्लाची शपथ घेऊन सांगतो. त्याच दिवशी दुपारी मला कळलं होतं. अस्रच्या आधी. तू जामीन राहिलास तेव्हा मला माहीत होतं."

यईशच्या हातातला पट्टा तसाच राहिला. सराईतली माणसं येत-जात होती, कुणी तरी त्याला बाजूला हो म्हणालं तेव्हा तो बाजूला झाला.

"मला हाकललं त्याचं काही नाही हो," शेवटी तो बोलला. "हाकलतात. कुणालाही हाकलतात. पण मी घरी माझ्या पोरांचा पाळणा करायला लाकूड तासलं नाही. बापाच्या कबरीचा दगड पैसे देऊन दुसऱ्याकडून घडवून घेतला. म्हटलं, आपला हात लागला तर वाकडा होईल. आणि तुम्हाला अस्रच्या आधीपासून माहीत होतं."

मुफर्रिजने खेचराचा लगाम धरून ठेवला.

"ताईला सांगितलंत?"

"नाही."

"आधी तिला सांगा. मग शुक्रवारी मंडळींत सांगा. तोवर मी जात नाही."

मुफर्रिजने घरी जाऊन सांगितलं. नुझा भांडी पुसत होती. तिने सगळं ऐकून घेतलं, हातातलं भांडं खाली ठेवलं, आणि पायात काही न घालता, भर उन्हात सराईच्या वाटेने निघाली. एकोणीस वर्षांत जे नाव घेतलं नव्हतं ते ती मोठमोठ्याने घेत चालली होती. गल्लीतली माणसं दारात येऊन बघत होती. ती रात्री परतली नाही, भावाजवळच राहिली.

शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजानंतर कारागीर नेहमीप्रमाणे चुनेवाल्यांच्या वखारीत जमले. मुफर्रिज अमीनच्या जागेवर बसला नाही, उभा राहिला. यईश दाराशी उभा होता. मुफर्रिज म्हणाला, "मोठ्या हौदाच्या वेळी चूक माझी होती. यईशची नव्हती. त्याचं नाव साफ करा."

आणि मग काय झालं असेल! खलफ म्हणून एक म्हातारा गिलावेवाला होता, त्याने डोळे पुसले. "याला म्हणतात माणूस," तो म्हणाला. "लेकीचं लग्न झालं, मेहुणा आला, तर त्याचा कलंक आपल्या अंगावर ओढून घेतो." दुसरा म्हणाला, "एवढं मोठं मन कुठून आणावं!" तिसऱ्याने उठून मुफर्रिजच्या खांद्याचं चुंबन घेतलं. हुजैल तेव्हा फार थकला होता, तोही कोपऱ्यातून म्हणाला, "बरं." दोघातिघांनी यईशकडे बघून मान डोलावली. असा दाजी मिळायला नशीब लागतं, असं त्या बघण्यात होतं. मुफर्रिजला वाटलं, जमीन फाटून आपल्याला पोटात घेईल तर बरं. आयुष्यात एकदा खरं बोलला होता आणि त्याचीही शालच झाली होती. आणि, खरं सांगतो, त्याच्या मनात एक क्षणभर येऊनही गेलं की आता आपण सांगून मोकळे झालो. त्यांना पटत नाही त्याला आपण काय करणार?

"पुन्हा सांग, मुफर्रिज," दारातून यईश म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "असं नको. मोघम नको. कामातला माणूस कामातल्या माणसाला सांगतो तसं सांग."

मुफर्रिज मंडळींच्या मधोमध येऊन उभा राहिला. मग सांगितलं. रमजान होता. पन्हळ सात वेळा मांडायची ती दोनदा मांडली आणि सोडून दिली. दोन टोकांच्या दोन उंबरठ्यांवरून माप उतरवलं. मध्ये दोरी ताणली.

खलफचा हात दाढीवर थांबला. "दोरी ताणली? सत्तर हातांत?"

"हो."

"आणि उत्तरेला पन्हळ कुठे टेकवलीस?"

"उंबरठ्यावर."

"उंबरठ्यावर कुठे?"

तिथे बसलेल्यांत असा एकही जण नव्हता ज्याला पहिल्या महिन्यात ही गोष्ट शिकवली नव्हती.

"मधोमध," मुफर्रिज म्हणाला. "झिजलेल्या जागी. बोटभर झीज होती. त्याच दुपारी मी बोट घालून पाहिली. अस्रनंतर मुकादमांनी विचारलं तेव्हा मला माहीत होतं. पुढच्या हिवाळ्यात उंबरठा मीच काढवला आणि भट्टीत घातला, कुणी पट्टी धरून बघू नये म्हणून."

एकेकाचा चेहरा उतरत गेला. ज्याने खांद्याचं चुंबन घेतलं होतं त्याने तोंडावरून हात फिरवला आणि जमिनीकडे बघू लागला. हुजैलने डोळे मिटून घेतले. आता वाहवा करायला कुणी उरलं नव्हतं, आणि शिव्या द्यायलाही कुणी पुढे आलं नाही. खलफ बसल्या जागी सरकला, शेजारच्यालाही सरकायला लावलं, आणि यईशला हाताने खूण केली. यईश दारातून आत आला आणि त्या जागेवर जाऊन बसला. मुफर्रिज मध्ये उभा होता. त्याला कुणी बस म्हटलं नाही.